सोन्याचं जुनं पर्पेच्युअल कॅलेंडर घड्याळ: केस धारदार हवी की डायल मूळ?

जिनिव्हाकर

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त मी जिनिव्हात असतो आणि जुन्या घड्याळांचा नाद आहे, हे इथल्या जुन्या सभासदांना ठाऊक आहे. एका बाबतीत तुमची मतं हवी आहेत.

माझ्या वहिनीचे भाऊ पुण्यात डॉक्टर आहेत. निवृत्त होण्याआधी एकच घड्याळ घ्यायचं, पण मनासारखं, असं त्यांनी फार पूर्वी ठरवलंय. त्यांना हवंय पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं ३४४८ हे मॉडेल, पिवळ्या सोन्यातलं. इथल्या एका विक्रेत्याकडे सध्या अशी दोन आहेत आणि तो ती फक्त ओळखीच्या संग्राहकांना दाखवतोय. मी दोन्ही हातात घेऊन पाहिली.

ज्यांना हे मॉडेल माहीत नाही त्यांच्यासाठी: ३४४८ आलं १९६२ साली आणि १९८१ पर्यंत बनत राहिलं. ऑटोमॅटिक पर्पेच्युअल कॅलेंडर मनगटी घड्याळ नियमितपणे बनायला लागलं ते याच मॉडेलपासून. एवढ्या वर्षांत सगळी मिळून ५८६ बनली, बहुतेक पिवळ्या सोन्यात, थोडी पांढऱ्या सोन्यात. सेकंद काटा नाही. बाराच्या खाली वार आणि महिना दोन खिडक्यांत, सहाच्या वर चंद्र आणि त्याच्याभोवती तारीख. कुठला महिना तीसचा, कुठला एकतीसचा, फेब्रुवारी अठ्ठावीसचा की एकोणतीसचा, हे ते स्वतःच सांभाळतं.

आता दोन घड्याळं.

पहिलं १९६८ चं. केसच्या, म्हणजे घड्याळाच्या बाहेरच्या सोन्याच्या कवचाच्या, कडा एकदम धारदार, डायल स्वच्छ चंदेरी, एक डाग नाही. विक्रेत्याच्या मते सगळं मूळ.

दुसरं १९६६ चं. डायल पिवळसर पडलंय, तीनच्या बाजूला एक फिकट डाग आहे. पट्टा अडकवायचे कान, म्हणजे लग, पॉलिश करकरून गोलसर झालेत. किंमत पहिल्यापेक्षा बरीच कमी.

माझं मन दुसऱ्याकडे ओढ घेतंय. डायल हा घड्याळाचा चेहरा, तो एकदा गेला की परत येत नाही. पण डॉक्टरसाहेबांना पहिलं आवडलंय. तुम्ही काय कराल?

चोरबाजार_रविवार

पहिलं. विचारच करायचा नाही. डाग पडलेलं घड्याळ घालून समारंभाला कोण जाणार?

लंबक

दुसरं. आणि का ते सांगतो. सोन्याची केस मऊ असते. १८ कॅरेट म्हणजे ७५ टक्के सोनं, बाकी तांबं-चांदी. दर सर्व्हिसिंगला कुणीतरी हौसेने बफ, म्हणजे पॉलिशचं चाक, फिरवतो आणि दर वेळी थोडं सोनं निघून जातं. साठ वर्षांच्या घड्याळाला हे व्हायचंच. म्हणून इतकी धारदार केस दिसली की मला आधी आनंद होत नाही, आधी शंका येते.

माहेरवाशीण

माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. फोन तारीख दाखवतो, भिंतीवर कालनिर्णय आहे. मग लाखो रुपये या घड्याळाला का?

जिनिव्हाकर

@माहेरवाशीण, ताई, प्रश्न योग्यच आहे. आतलं यंत्र पाहिलं की उत्तर मिळतं. डायलच्या खाली एक छोटी चकती असते, चार वर्षांत एकदा पूर्ण फिरणारी. तिच्या कडेला ४८ महिन्यांचे ४८ टप्पे कोरलेले. एकतीसच्या महिन्यांना कडा पूर्ण उंच, असे २८ टप्पे. तीसच्या महिन्यांना थोडी खाच, असे १६. साध्या फेब्रुवारीच्या ३ खोल खाचा, आणि लीप फेब्रुवारीची एक किंचित कमी खोल. एका तरफेचं टोक या कडेवर टेकलेलं असतं. महिनाअखेरीला ते टोक जितकं आत जाईल तितकी तारीख पुढे उडी मारते. बॅटरी नाही, चिप नाही. १४६१ दिवसांचा हिशेब पितळ आणि पोलादात कापून ठेवलेला आहे आणि तो कुणीतरी हाताने घासून बसवलाय. माझ्यासाठी पैसे त्या हाताचे आहेत.

माहेरवाशीण

हे वाचून आता मलाच बघावंसं वाटतंय.

अधिकमास

वा, जिनिव्हाकर! चकतीचं वर्णन आवडलं. थोडी भर: ही कल्पना मनगटी घड्याळाच्या फार आधीची. लंडनच्या थॉमस मजने १७६२ च्या सुमारास खिशातल्या घड्याळात ती बसवली. पाटेकचं पहिलं मनगटी पर्पेच्युअल कॅलेंडर १९२५ चं, आणि त्यातलं यंत्र मुळात १८९८ साली बायकांच्या गळ्यातल्या घड्याळासाठी बनवलेलं होतं.

जिनिव्हाकर

हो, ते ९७९७५ क्रमांकाचं. इथे प्लॅनपालेला पाटेकच्या संग्रहालयात ठेवलंय. जिनिव्हाला आलात तर चुकवू नका.

सराफकट्टा

आमचा धंदा सोन्याचा, म्हणून विचारतो. यात सोनं किती निघेल?

लंबक

@सराफकट्टा, त्या हिशेबाने बघितलं तर किमतीचा छोटा भागच. पण तुमच्या प्रश्नात एक दुखरी गोष्ट आहे. १९७० च्या दशकात बॅटरीवरचं क्वार्ट्झ घड्याळ आलं, यांत्रिक घड्याळांना कुणी विचारेना, आणि त्याच सुमाराला सोनं भडकलं. जानेवारी १९८० मध्ये औंसाला ८५० डॉलरपर्यंत गेलं होतं. तेव्हा सोन्याच्या केसेस काढून सरळ वितळवल्या गेल्या, मशीन डब्यात टाकून दिली. आज मोकळी सोन्याच्या घड्याळांची मशीन बाजारात दिसतात ती बरीचशी त्यामुळे. जे घड्याळ मुशीतून वाचलं त्याची केस तरी घासू नये, एवढंच माझं म्हणणं.

सराफकट्टा

पटलं. आमच्याकडेही आजीची पुतळ्यांची माळ मोडून नवीन घडवायला आणतात, तेव्हा हात जड होतो. एक विचारू? या घड्याळांवर हॉलमार्क असतो का?

लंबक

असतो, आणि तोच कामाचा. जुन्या स्विस १८ कॅरेटवर हेल्वेशियाचं, म्हणजे स्वित्झर्लंडचं प्रतीक असलेल्या स्त्रीचं, मस्तक असतं. १९९५ पासून त्याच्या जागी सेंट बर्नार्ड कुत्र्याचं डोकं आलं. केसच्या बाहेर जिथे ठसा असेल तिथे तो भिंगातून बघायचा. चेहऱ्याच्या रेषा स्पष्ट असतील तर केस फार घासलेली नाही. नुसता फुगवटा उरला असेल तर बफ फिरलाय. आणि कडा धारदार पण ठसा पुसट असेल, तर लेझरने सोनं भरून कडा नव्याने कापल्यात असं समजा. हल्ली हे काम इतकं सफाईने होतं की नुसत्या डोळ्याला कळत नाही. जिनिव्हाकर, पहिल्याचा ठसा कसा आहे?

जिनिव्हाकर

भिंगाने पाहिला होता. ठसा स्पष्ट आहे, नाक-डोळे दिसतात. केस खरोखरच फार कमी घासलेली वाटते.

चोरबाजार_रविवार

बघा! मग पहिलंच घ्या.

गिरगावचा_बाळ

थांबा जरा. केस झाली, डायलचं काय? आम्ही मुंबईकर या बाबतीत पोळलेले आहोत. वडिलांचं फेवर ल्युबा होतं, त्यांच्या पहिल्या पगारातलं. एका दुकानात सर्व्हिसिंगला दिलं तर माणसाने न विचारता डायल नवीन रंगवून दिलं. चकाचक. वर पुन्हा 'बघा, नवीन करून दिलं' असं कौतुकाने सांगितलं. वडील काही बोलले नाहीत, पण ते घड्याळ त्यांनी नंतर क्वचितच घातलं. त्या डायलवरची अक्षरं जाड झाली होती आणि मिनिटांच्या रेषा आकड्यांशी जुळत नव्हत्या. परदेशातले संग्राहक अशा घड्याळांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात हे मला फार नंतर कळलं, आणि वाईट वाटलं. आपल्या शहराचं नाव अशा कामाला लागावं?

कोकणकन्या

@गिरगावचा_बाळ +१. माझ्या काकांच्या एचएमटीचंही असंच झालं. पण एक बाजू त्यांचीही आहे. त्या कारागिरांकडे गिऱ्हाईक 'नव्यासारखं करून द्या' म्हणूनच येत असे. जुनेपणाला किंमत असते ही समजूतच तेव्हा नव्हती. ज्या सफाईने ते हाताने डायल रंगवतात ती कला आहेच. न विचारता करणं चूक.

गिरगावचा_बाळ

ते मान्य. माझा राग न विचारण्यावर आहे.

नाशिकचा_कारागीर

मी घड्याळं दुरुस्त करतो, एवढी उंची घड्याळं माझ्याकडे येत नाहीत, पण डायलबद्दल सांगू शकतो. पाटेकच्या त्या काळच्या चांगल्या डायलवर नाव छापलेलं नसतं. आधी धातूत अक्षरं कोरतात, मग त्यात इनॅमल भरून भट्टीत भाजतात, आणि सपाट घासतात. म्हणून ती अक्षरं साठ वर्षांनीही काळीभोर राहतात. कुणी डायल धुतलं तर वरचा लाखेचा थर जातो, चंदेरीपणा बदलतो, पण कोरलेलं नाव टिकतं. ज्या बारीक रेषा, ठिपके वरून छापलेले असतात ते आधी जातात. म्हणून डायल जपून धुतलंय की नाही हे बघायचं तर नावाकडे न बघता छापील भागाकडे बघा. तारखेचे आकडे, मिनिटांचे ठिपके, आणि अगदी तळाची 'स्विस' अक्षरं.

तळाची अक्षरं नीट बघा, जिनिव्हाकर. पहिल्या घड्याळावर 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना ग्रीक सिग्मासारखी छोटी खूण आहे का?

अधिकमास

जिनिव्हाकर परत येईपर्यंत एक अवांतर. आपल्या पंचांगाचं असं घड्याळ का नाही? चिनी पंचांगाचं आहे. ब्लांपॅनने २०१२ साली काढलं. वाशरों कॉन्स्टन्टँने २०२४ साली एक खिशातलं घड्याळ बनवलं, त्यात ६३ कॉम्प्लिकेशन्स, म्हणजे वेळ दाखवण्यापलीकडच्या करामती, आहेत आणि चिनी पर्पेच्युअल कॅलेंडरही. हिजरी कॅलेंडरचं पार्मिजियानीने केलंय. मग शके आणि तिथी दाखवणारं कुणी का केलं नाही?

गणिती_सांगली

@अधिकमास, आवडता विषय काढलात. अडचण तिथीची आहे. तिथी साधारण १९ ते २६ तासांची असते, कमी-जास्त होते, कारण ती सूर्य आणि चंद्र प्रत्यक्ष कुठे आहेत त्यावर ठरते. क्षय तिथी, वृद्धी तिथी चकतीच्या खाचांत बसवता येत नाहीत. अधिक मास त्या मानाने सोपा. साधारण ३२-३३ महिन्यांनी येतो, १९ वर्षांत ७, पण नेमका कुठला महिना अधिक हे बदलत राहतं. २०२३ ला श्रावण होता, २०२६ ला ज्येष्ठ. शिवाय मधेच एखादा क्षय मास येतो आणि सगळं गणित पुन्हा मांडावं लागतं.

पण एक भारतीय कॅलेंडर असं आहे की ते घड्याळात बसवणं ग्रेगोरियनपेक्षा सोपं जाईल: आपली राष्ट्रीय सौर दिनदर्शिका. मेघनाद साहांच्या समितीने सुचवली आणि २२ मार्च १९५७ पासून सरकारने स्वीकारली. चैत्र ३० चा, लीप वर्षी ३१ चा. वैशाख ते भाद्रपद सलग पाच महिने ३१ चे. आश्विन ते फाल्गुन सलग सहा ३० चे. संपलं. बदलतो फक्त चैत्र. अठ्ठावीसची ती खोल खाच नकोच. कधीही एका दिवसापेक्षा जास्त उडी मारावी लागत नाही.

अधिकमास

दंडवत! हे डोक्यातच आलं नव्हतं. आकाशवाणीवर ऐकलेली 'भारतीय सौर' तारीख हातावर! कुणीतरी कारागिराने मनावर घ्यावं हो.

कोकणकन्या

आणि डायलवर महिने देवनागरीत. मी रांगेत पहिली.

चाकरमानी

मी ऐकलंय की ही घड्याळं २१०० साली चुकणार. मग 'पर्पेच्युअल' कसली?

गणिती_सांगली

@चाकरमानी, बरोबर ऐकलंत. शतकाचं वर्ष ४०० ने भागलं जात नसेल तर ते लीप नसतं. २००० भागलं गेलं म्हणून ही घड्याळं सुखरूप पार पडली. २१०० भागलं जात नाही, म्हणून २८ फेब्रुवारीनंतर घड्याळ २९ दाखवेल आणि हाताने एक तारीख पुढे ढकलावी लागेल. एवढंच. चंद्राचीही थोडी चूक असते. जुन्या घड्याळांत चंद्राच्या चाकाला ५९ दाते, म्हणजे महिना साडेएकोणतीस दिवसांचा. खरा चांद्रमास सुमारे २९.५३ दिवसांचा. साधारण २ वर्षं ८ महिन्यांनी घड्याळातला चंद्र एक दिवस पुढे जातो.

चाकरमानी

म्हणजे १ मार्च २१०० ला माझ्या पणतूला हा धागा दाखवायचा. वाचनखूण साठवली आहे.

अधिकमास

आयडब्ल्यूसी या स्विस घड्याळ कंपनीच्या कुर्ट क्लाउसने १९८५ च्या 'दा विंची'त वर्षाचे चार आकडे दाखवले आणि सोबत पुढच्या शतकांसाठी बदलायची पट्टीही दिली. कित्येक पिढ्यांनंतर कुणीतरी ती बदलेल या भरवशावर. मला त्या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

जिनिव्हाकर

आज पुन्हा जाऊन आलो. @नाशिकचा_कारागीर, तुमचं भिंग माझ्यापेक्षा तीक्ष्ण आहे. पहिल्या घड्याळावर सहाच्या खाली 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना सिग्मा आहे. दुसऱ्यावर नाही.

नाशिकचा_कारागीर

मग ते डायल १९६८ चं नाही. ती सिग्मा खूण स्विस कंपन्यांनी डायलवरचे काटे आणि खुणा अस्सल सोन्याच्या आहेत हे सांगायला सुरू केली, आणि ती सुरू झाली १९७० च्या दशकात. घड्याळ १९६८ सालचं असेल तर डायल नंतर बदललंय. बहुधा कंपनीनेच सर्व्हिसिंगमध्ये बदललं असेल. म्हणजे नकली नाही, पण त्या घड्याळाचं जन्माचं डायलही नाही.

लंबक

जबरदस्त! दोन बारीक अक्षरांनी निकाल लावला. आता कंपनीकडून अभिलेखाचा उतारा मागा. त्यात यंत्राचा आणि केसचा क्रमांक, बनवल्याचं वर्ष, विक्रीची तारीख आणि मुळात डायल कसं होतं हे लिहिलेलं असतं. पण ध्यानात ठेवा, कंपनी तेव्हाची वही बघून सांगते. आज घड्याळात काय आहे याची हमी त्या कागदात नसते. लोक इथेच फसतात.

चोरबाजार_रविवार

तरीही माझं मत पहिल्यालाच. कंपनीचं डायल, केस उत्तम, डॉक्टरांना आवडलंय, आणि ते घालणार आहेत. फक्त किंमत दुसऱ्याच्या खाली आणा. दुसऱ्या घड्याळाचे लग गोल झालेत हे कुणी बोलतच नाहीये!

गिरगावचा_बाळ

मुद्दा आहे तुमचा. पण गोल झालेले लग म्हणजे कुणीतरी ते घालून जगलंय. बदललेलं डायल म्हणजे कुणीतरी ते टाकून दिलंय. माझ्यासाठी या दोन्ही गोष्टी सारख्या नाहीत.

माहेरवाशीण

पण हे संग्राहक लोक घालतात तरी का? की बँकेच्या लॉकरमध्ये?

लंबक

दोन्ही प्रकारचे आहेत. इथिओपियाचे सम्राट हैले सेलासी यांचं सोन्याचं पाटेक पर्पेच्युअल कॅलेंडर, २४९७ मॉडेल, २०१७ साली जिनिव्हात लिलावात गेलं. तशी घड्याळं हातावर दिसणं अवघडच. आणि सोनं म्हणजेच महाग असंही नाही. पाटेकचं १५१८ मॉडेल २८१ बनली, त्यातली जवळजवळ सगळी सोन्याची, स्टीलची माहीत आहेत फक्त चार. त्यातलं एक २०१६ साली १ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेलं. मात्र ३४४८ घालण्यासारखं आहे, डॉक्टरांनी घालावंच. फक्त पाण्यापासून सांभाळा, आणि तारखा बदलायच्या कळा रात्री दाबू नका. रात्री यंत्र स्वतः तारीख बदलत असतं, तेव्हा मधे हात घातला तर दाते तुटतात.

नाशिकचा_कारागीर

अजून एक. ३४४८ ला लीप वर्षाची खूण नाही. ती १९८१ नंतरच्या ३४५० ला आली. घड्याळ बराच काळ बंद पडलं तर महिन्याची कळ दाबत दाबत फेब्रुवारीवर येऊन ते २८ ला उडी मारतंय की २९ ला, हे तपासून वर्ष जुळवावं लागतं. डॉक्टरांना हे समजावून द्या, नाहीतर पुढच्या मार्चमध्ये तुम्हाला फोन येईल.

जिनिव्हाकर

सगळ्यांचे आभार. विक्रेत्याला सिग्माबद्दल विचारलं. त्याने मान्य केलं की डायल बदललेलं असू शकतं, आणि जुनं डायल त्याच्याकडे नाही. दुसऱ्या घड्याळाचा उतारा आलाय: क्रमांक जुळतात, साल १९६६, डायलचं वर्णन जसंच्या तसं. डॉक्टरांशी फोनवर बराच वेळ बोललो. तुमचे प्रतिसाद त्यांना वाचून दाखवले. ते म्हणाले, 'पेशंटच्या हाडाचा जुना एक्स-रे मी कधी फेकत नाही, मग याचं डायल का टाकायचं?' दुसरं घेतायत. डागासकट.

चोरबाजार_रविवार

अभिनंदन! माझं मत बदललेलं नाही, पण डॉक्टरांचं वाक्य आवडलं.

नाशिकचा_कारागीर

छान झालं. सर्व्हिसिंगला देताना पावतीवर लिहून घ्या: केस पॉलिश करायची नाही, डायल धुवायचं नाही, कुठलाही भाग बदलला तर जुना परत द्यायचा. तोंडी सांगू नका.

सराफकट्टा

आणि भारतात आणताना विमानतळावर जाहीर करून ड्यूटी भरा, पावती जपून ठेवा. पुढे विमा काढताना पहिला कागद तोच मागतात. डॉक्टर पुण्यात आले की हॉलमार्क भिंगातून बघायला मी येईन म्हणून कळवा, लक्ष्मी रोडवरच असतो.